लाकडी डेक धुणं आणि स्टेन लावणं : खर्च किती, फसगत कुठे

मागच्या अंगणातला डेक करडा पडलाय, फळ्यांवर हिरवं शेवाळ धरलंय आणि जूनमध्ये भारतातून आईबाबा यायचेत. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. स्वतः केलंत तर ३५० ते ५०० डॉलर आणि दोन शनिवार-रविवार. माणूस लावलात तर १,२०० ते २,२०० डॉलर आणि तुमचं काम फक्त फोन करणं, कागद तपासणं आणि डोळे उघडे ठेवणं. हे आकडे १५ बाय २० फुटांच्या साध्या पाइनच्या डेकचे, तीन बाजूंना कठडा आणि पाच पायऱ्या धरून, मध्य न्यू जर्सीतल्या सध्याच्या भावाने. तुमचा डेक लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा. मात्र फार लहान डेकलाही रंगारी ४००-५०० डॉलरच्या खाली येत नाहीत, हे धरून चाला.

पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवा: स्टेन लावणं स्वस्त आहे, चुकीचा स्टेन खरवडून काढणं महाग आहे. बहुतेकांचे पैसे जातात ते तिथेच.

आधी लाकूड कोणतं ते ओळखा

बहुतेक घरांमागे असतं ते प्रेशर ट्रीटेड पाइन, म्हणजे कीड आणि कुज लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड. फळीच्या टोकाला स्टेपल केलेलं प्लॅस्टिकचं छोटं लेबल मिळालं तर खात्री झाली. काही डेक सीडरचे असतात, लाकूड हलकं आणि मऊ. आणि फळ्यांवर एकसारखी छापील रेघ दिसत असेल, कापलेल्या टोकाला लाकडाचे रेषे नसतील, तर तो कंपोझिट. त्याला स्टेन लावायचा नसतो. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, संपलं. कोणी 'कंपोझिटलाही सीलर लागतो' म्हणून ८०० डॉलर मागत असेल तर त्याला परत पाठवा. फक्त एक गोष्ट विसरू नका: वरच्या फळ्या कंपोझिट असल्या तरी खालचा सांगाडा जवळजवळ नेहमी पाइनचाच असतो. तो तपासावाच लागतो.

घर जुनं असेल तर डेक कोणत्या साली बांधला हे शोधून काढा. २००३ अखेरपर्यंत घरगुती डेकसाठी जे ट्रीटेड लाकूड विकलं जायचं त्यात बहुधा आर्सेनिक असायचं. असा डेक घासू नका, सँडर फिरवू नका, निघालेल्या फळ्या शेकोटीत जाळू नका. त्यावर ब्लीच, डेक क्लीनर किंवा ब्राइटनरही नको. या रसायनांनी लाकडातलं क्रोमियम अधिक विषारी रूपात बदलू शकतं. साबण, पाणी आणि मऊ ब्रश, वाळल्यावर लाकडात मुरणारा स्टेन. बस. लहान मुलं त्यावर रांगत-खेळत असतील तर स्टेनचा थर वर्षा-दोन वर्षांनी नवा करत राहा आणि खेळून आल्यावर हात धुवायला लावा.

साल कळत नसेल तर तुमच्या टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्रा (सरकारी नोंदी मागण्याचा) अर्ज करा आणि तुमच्या पत्त्यावरच्या डेक परमिटची प्रत मागा. फॉर्म टाउनशिपच्या संकेतस्थळावर असतो. उत्तर साधारण सात कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवं. परमिटच सापडलं नाही, तर डेक विनापरवाना बांधलेला असू शकतो. ते आत्ता कळलेलं बरं. घर विकताना कळलं तर खरेदीदाराचा वकील त्याचे पैसे तुमच्याकडून काढतो.

स्टेनच्या आधी दहा मिनिटं स्क्रूड्रायव्हर घेऊन

कुजलेल्या डेकवर लावलेला स्टेन म्हणजे वाया गेलेले पैसे, आणि धोका झाकला जातो ते वेगळंच. जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खाली उतरा. घराच्या भिंतीला डेक जिथे जोडलाय ती आडवी जाड फळी आधी बघा. तिला लेजर बोर्ड म्हणतात. ती अर्धा इंची बोल्टने किंवा जाड लॅग स्क्रूने भिंतीला धरलेली हवी. नुसते खिळे दिसले तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी ते काम करून घ्या. डेक कोसळतात ते बहुतेक वेळा इथेच सुटून. लेजरच्या वर पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते, ती जागेवर आहे का बघा. तुळयांना आधार देणारे पत्र्याचे हँगर गंजलेत का बघा. मग खांब जमिनीत शिरतात तिथे, पायऱ्यांच्या तळाशी आणि फळ्यांच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर दाबा. टोक पाव-अर्धा इंच सहज आत गेलं तर ते लाकूड गेलं.

कठड्याला दोन्ही हातांनी धरून जोर लावा. हलता कामा नये. डेक जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर कठडा किमान ३६ इंच उंच हवा आणि उभ्या दांड्यांमधून चार इंची चेंडू जाता कामा नये. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्याच वाइल्डवुडला माणसांनी भरलेला बहुमजली डेक कोसळला आणि लोक जखमी झाले. आपल्याकडे मुलाच्या वाढदिवसाला चाळीस माणसं डेकवर सहज जमतात, म्हणून हा परिच्छेद सोडून पुढे जाऊ नका.

दोन-चार फळ्या बदलायच्या असतील तर १६ फुटी पाइनची फळी २० ते ३० डॉलरला मिळते. स्क्रू ट्रीटेड लाकडासाठी चालणारेच घ्या: हॉट-डिप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस. आजच्या ट्रीटेड लाकडात तांबं असतं, त्याने साधे स्क्रू गंजून जातात. वर आलेले खिळे ठोकत बसू नका, पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा वर येतील. काढून टाका आणि तिथे अडीच किंवा तीन इंची डेक स्क्रू बसवा. स्टेन लावायला टाउनशिपचं परमिट लागत नाही. तुळया, खांब किंवा लेजरला हात लावायचा असेल तर मात्र आधी कन्स्ट्रक्शन ऑफिसला फोन करून विचारा.

केव्हा

न्यू जर्सीत दोन खिडक्या आहेत. मेच्या अखेरीपासून जूनअखेर, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. त्याआधी केलंत तर ओक आणि पाइनचे पिवळे परागकण ओल्या स्टेनवर चिकटतात, त्यानंतर केलंत तर पानं. जुलै-ऑगस्टमध्ये फळ्या इतक्या तापतात की स्टेन मुरण्याआधीच वर सुकतो आणि पट्टे उठतात. हवा ५० ते ९० अंश फॅरनहाइट हवी, रात्रीसुद्धा ५० च्या खाली नको. धुतल्यावर किमान दोन कोरडे दिवस आणि स्टेननंतर एक, म्हणजे सलग तीन-चार दिवस पावसाशिवाय. रंगाऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर मार्चमध्येच फोन करा. मे उजाडला की त्यांच्या तारखा भरलेल्या असतात आणि भावही चढलेला असतो.

डेक नवाकोरा असेल तर घाई करू नका. नवीन ट्रीटेड लाकूड आतून ओलं असतं. फळीवर चमचाभर पाणी टाका. दहा मिनिटांत मुरलं तर लाकूड तयार आहे. थेंब तसेच उभे राहिले तर आणखी काही आठवडे थांबा. हीच चाचणी जुन्या डेकवर दर वसंतात करा: पाणी उभं राहिलं तर या वर्षी स्टेनची गरज नाही, नुसता धुवा. कंत्राटदार काहीही म्हणो.

कोणता स्टेन

दुकानात पाच प्रकारचे डबे दिसतील. पारदर्शक सीलर पाणी अडवतो, ऊन अडवत नाही. वर्षभरात डेक पुन्हा करडा. सेमी-ट्रान्सपरंटमध्ये थोडा रंग असतो, लाकडाच्या रेषा दिसत राहतात, दोन ते तीन वर्षं टिकतो. सेमी-सॉलिड त्याहून थोडा जास्त. सॉलिड स्टेन हा रंगासारखाच दिसतो आणि रंगासारखाच वर थर धरतो. आणि पाचवा, 'रिसर्फेसर' नावाचा जाड लेप, ज्याच्या डब्यावर भेगा बुजवण्याची आणि वर्षानुवर्षं टिकण्याची आश्वासनं असतात.

माझं मत स्पष्ट आहे. पायाखालच्या फळ्यांना लाकडात मुरणारा, तेलाधारित सेमी-ट्रान्सपरंट घ्या. तो झिजतो तेव्हा फिका पडत जातो, सोलून निघत नाही. दोन-तीन वर्षांनी धुतलं आणि पुन्हा एक हात दिला की झालं. सॉलिड स्टेन कठड्याला चालतो, कारण तिथे पाय पडत नाहीत आणि पाणी साचत नाही. फळ्यांवर तो तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात पापुद्रे धरून उठतो, आणि ते पापुद्रे काढायला स्ट्रिपर, सँडर आणि माणसाचे तीन दिवस लागतात. जाड लेपाच्या वाटेला जाऊच नका. अशा लेपांविरुद्ध अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावे लावलेत. लेप उखडतो, खाली पाणी अडकतं, लाकूड कुजतं आणि शेवटी फळ्याच बदलाव्या लागतात.

तुमच्या डेकवर आधीच सॉलिड स्टेन असेल तर सेमी-ट्रान्सपरंट त्यावर बसणार नाही. मग दोनच पर्याय: पूर्ण खरवडून काढा, किंवा सुटे पापुद्रे काढून पुन्हा सॉलिडच लावा. खरवडायचा खर्च दर चौरस फुटाला एक ते तीन डॉलर वेगळा. ३०० फुटांच्या डेकला ३०० ते ९०० डॉलर, कठडा सोडून.

रंग डब्याच्या झाकणावरून ठरवू नका. नमुन्याची छोटी डबी पाच-आठ डॉलरला मिळते, ती कोपऱ्यातल्या धुतलेल्या फळीवर लावून दोन दिवस बघा. रंग मिसळून दिलेला डबा दुकान सहसा परत घेत नाही. फार गडद रंग नको. जुलैच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि आपण डेकवर अनवाणीच जातो.

स्वतः करायचं तर

यादी घेऊनच दुकानात जा. ऑक्सिजन ब्लीचची पूड २० ते ३० डॉलर. ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक आम्लाचा ब्राइटनर २० ते ३०. स्टेन चार गॅलन, गॅलनला ४० ते ५५ प्रमाणे १६० ते २२०. ब्रश, पॅड, लांब दांडा, ट्रे, टेप, प्लॅस्टिकचा कागद ५० ते ६०. सँडपेपर आणि स्क्रू ३० ते ४०. हातमोजे, गॉगल, मास्क २०. म्हणजे ३०० ते ४००, वर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. प्रेशर वॉशर भाड्याने घेतला तर दिवसाचे आणखी ६० ते १००, शिवाय डिपॉझिट. चार गॅलन का? डब्यावर लिहिलेला आकडा गुळगुळीत लाकडाचा असतो. तहानलेली जुनी पाइन गॅलनला १५० ते २०० चौरस फूटच देते. फळ्या आणि पायऱ्यांना दोन गॅलन, कठड्याच्या दांड्यांना एकाहून थोडा जास्त, उरलेला पुढच्या वर्षी डाग बुजवायला. चारही डबे आधी एका बादलीत एकत्र करून घ्या, नाहीतर मधोमध रंगाची छटा बदललेली दिसेल.

धुताना क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. लाकडाचे रेषे सुटतात, स्क्रू गंजतात, शेजारची झाडं करपतात. ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात कालवा, झाडांवर आधी साधं पाणी मारा, मग फळ्यांवर पसरा, १५ मिनिटं ओलं ठेवा, कडक ब्रशने रेषेच्या दिशेने घासा, धुवा. लाकूड काळपट झालेलं दिसेल. घाबरू नका, त्यासाठीच ब्राइटनर आहे. तो शिंपडा, १०-१५ मिनिटांनी धुवा, झाडांवर पुन्हा भरपूर पाणी. ही पायरी गाळू नका. बहुतेक लोक इथेच वीस डॉलर वाचवतात आणि मग स्टेन ठिकठिकाणी काळपट बसतो.

आपल्या डेकवर काही खास डाग असतात. तुळशीच्या कुंडीखालचं काळं वर्तुळ, दिवाळीच्या पणत्यांमधून सांडलेलं तेल, ग्रिलखालची चरबी. कुंडीचं वर्तुळ ब्राइटनरने बरंच निघतं. तेलाचं मात्र आधी डिग्रीझरने निघायला हवं, नाहीतर तिथे स्टेन शिरणारच नाही आणि तेवढाच गोल फिका राहील. कुंड्यांखाली पाय असलेली तबकडी ठेवा, जेणेकरून खालून हवा खेळेल. पणत्या थाळीत लावा.

प्रेशर वॉशर हे डेकचं सर्वाधिक नुकसान करणारं यंत्र आहे. भाड्याचं मशीन २,५०० ते ३,००० पीएसआयचं असतं, पाइनला आणि सीडरला ५००-६०० पुरे होतात. पांढरं, ४० अंशांचं नोझल लावा, फळीपासून किमान १२ इंच दूर धरा, रेषेच्या दिशेने एकसारखा हात फिरवा. लाल नोझल खिशातही ठेवू नका. एका परिचितांच्या डेकवर रंगाऱ्याच्या माणसाने घाईत अरुंद नोझल जवळ धरून फिरवलं. फळ्यांवर नागमोडी चरे उठले आणि लाकडाला लव फुटल्यासारखे तंतू उभे राहिले. त्या चऱ्यांवर स्टेन आणखी गडद बसतो, त्यामुळे ते कायमचे दिसत राहतात. बागेचा पाइप आणि दांड्याचा ब्रश यांनी वेळ जास्त लागतो, पण लाकूड शाबूत राहतं. तंतू उठलेच तर वाळल्यावर ६० ते ८० नंबरचा सँडपेपर हलका फिरवा. त्याहून बारीक नको, लाकूड गुळगुळीत झालं की स्टेन मुरत नाही.

स्टेन लावताना आधी कठडा, मग फळ्या, शेवटी पायऱ्या. दोन-तीन फळ्या एका वेळी, घराच्या बाजूपासून टोकापर्यंत न थांबता. अर्ध्यात थांबलात तर तिथे जोड दिसतो. ऊन सरकतं तसं सावलीत काम करा. पंधरा-वीस मिनिटांनी मागे वळून बघा. वर चकाकणारं डबकं राहिलं असेल तर कोरड्या ब्रशने किंवा फडक्याने टिपून घ्या. जास्त स्टेन म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. न मुरलेला स्टेन आठवडाभर चिकट राहतो आणि मुलांच्या पायांनी घरातल्या गालिच्यावर जातो. माणसं २४ तासांनी, फर्निचर ४८ ते ७२ तासांनी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेलाच्या स्टेनने भिजलेली फडकी गोळा करून गॅरेजमध्ये टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते, चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि काडी न लावता आग लागते. फडकी बाहेर, एकेक पसरून, कडक होईपर्यंत वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. उरलेला तेलाचा स्टेन कचऱ्यात किंवा नाल्यात नको. काउंटीच्या घरगुती घातक कचरा संकलनाच्या दिवशी फुकट घेतात. तारखा काउंटीच्या संकेतस्थळावर असतात. रहिवासाचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स बरोबर ठेवा.

माणूस लावायचा तर

तीन कोटेशन घ्या, तिन्ही लेखी आणि डेक प्रत्यक्ष बघून दिलेली. फोटोवरून दिलेला भाव कामाच्या दिवशी वाढतो. न्यू जर्सीत घरकाम करणाऱ्या कंत्राटदाराची राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक '१३व्हीएच' ने सुरू होतो. विभागाच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव जुळतंय का बघा. दोन मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत. ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर लेखी करार कायद्याने सक्तीचा आहे. त्यात एकूण रक्कम, सुरुवातीची आणि संपण्याची तारीख, नोंदणी क्रमांक आणि विम्याच्या दाखल्याची प्रत हवी. दायित्व विमा किमान ५ लाख डॉलरचा हवा. कामगार विम्याचाही दाखला मागा. पायरीवरून पडलेला माणूस तुमच्या विम्यावर येऊ नये. कराराची प्रत हाती पडल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही तो रद्द करू शकता. रद्द करायचं तर लेखी कळवा आणि पोच ठेवा.

आगाऊ रक्कम एक तृतीयांशाहून जास्त देऊ नका, शेवटचा हप्ता काम संपल्यावर, पाण्याची चाचणी करून मगच. कॅलिफोर्नियात तर आगाऊ रकमेवर कायद्याचीच मर्यादा आहे: एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. इतर राज्यांत असाल तर तिथला नोंदणीचा आणि आगाऊ रकमेचा नियम आधी बघून घ्या.

कोटेशनमध्ये काय धरलंय हे एकेक विचारून करारात लिहून घ्या. कठडा दोन्ही बाजूंनी की फक्त आतून? पायऱ्यांची उभी बाजू? खालची जाळी? ब्राइटनर? एक हात की दोन? स्टेनचं नाव आणि प्रकार कोणता? फर्निचर आणि ग्रिल कोण हलवणार? भिंतीच्या साइडिंगवर आणि झाडांवर झाकण घालणार का? सुटी फळी बदलायचा दर किती? धुऊन झाल्यावर किती तास थांबणार? सेल्स टॅक्स आत की वर? 'सकाळी धुतो, दुपारी स्टेन लावतो' म्हणणारा माणूस स्वस्त असला तरी नको. ओल्या लाकडावरचा स्टेन वर्षभरात उडतो, आणि तेव्हा त्याचा फोन लागत नाही.

'पाच वर्षांची हमी' ऐकलीत तर ती लिहून मागा आणि बारीक अक्षरं वाचा. बहुतेक हम्यांमध्ये पायाखालच्या फळ्यांची झीज वगळलेली असते, किंवा भरपाई म्हणून फक्त स्टेनचा डबा मिळतो, मजुरी नाही.

वसंतात दारावर येणाऱ्यांपासून सावध राहा. 'शेजारच्या घरचा स्टेन उरलाय, तुमचा डेक निम्म्या भावात करून देतो, रोख द्या.' असा माल बहुधा पातळ केलेला असतो आणि एका पावसात ओघळतो. मोह झालाच, सही झाली, तरी दारात झालेल्या २५ डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या विक्रीवर केंद्रीय नियमानेही तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क आहे. पण रोख दिलेले पैसे परत मिळवणं हे वेगळंच दुखणं. रोख देऊ नका.

टाउनहाउस आणि असोसिएशन

तुमच्या घराला होमओनर्स असोसिएशन असेल तर रंगाचा डबा उघडण्याआधी त्यांच्या वास्तू समितीचा फॉर्म भरा. बरोबर रंगाचा नमुना किंवा रंगाचं नाव आणि क्रमांक, कंत्राटदार असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक आणि विम्याचा दाखला. उत्तराला अनेक ठिकाणी ३० दिवसांपर्यंत लागतात. परवानगी न घेता लावलेला रंग स्वखर्चाने बदलावा लागतो, वर दंड. आणि आधी नियमावली वाचा: काही टाउनहाउसमध्ये डेक सामायिक मालमत्तेत मोडतो आणि स्टेनचा खर्च तुमच्या मासिक वर्गणीतूनच होतो. मग तुम्ही दुसऱ्यांदा पैसे का द्यायचे?

नंतर

वर्षाला एकदा, एप्रिल-मेमध्ये, साबणाच्या पाण्याने धुवा. खर्च वीस डॉलर. फळ्यांच्या फटीत अडकलेली पानं ऑक्टोबरअखेर काढा, ओल तिथेच धरते. बर्फ प्लॅस्टिकच्या फावड्याने, फळ्यांच्या लांबीच्या दिशेने ढकला. धातूचं फावडं स्टेन खरवडतं. मीठ टाकू नका. चटई, गालिचा हिवाळ्यात उचलून ठेवा. फळ्यांना दोन-तीन वर्षांनी स्टेन, कठड्याला चार-पाच वर्षांनीही चालतं. दोन्ही एकदमच करायला हवं असं नाही. असं केलंत तर स्वतः करणाऱ्याला वर्षाला साधारण १५० ते २०० डॉलर पडतात, रंगाऱ्याकडून करून घेणाऱ्याला ५०० ते ८००.

या वर्षी हात आखडता असेल तर क्रम असा ठेवा. स्टेन पुढच्या वर्षावर ढकलता येतो. करडा पडलेला डेक वाईट दिसतो, पण एका वर्षात कुजत नाही. धुणं वीस डॉलरचं आहे, ते करा, शेवाळावरून घसरून पडायचं टळेल. हलणारा कठडा आणि खिळ्यांवर टांगलेला लेजर मात्र याच हंगामात, पाहुणे यायच्या आधी दुरुस्त करून घ्या.